निळ्या पिंपाचा नंबर

राजपुत्र घोड्यावर बसला की वर्ग गप्प होतो, हा उत्तरेश्वर गुरुजींचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता. वर्ग पहिलीचा असो की चौथीचा, एकदा राजपुत्रानं रिकिबीत पाय घातला की पोरं एकमेकांना खडू मारायची थांबतात. पुढचं सगळं ठरलेलं असतं. राजपुत्र निघतो, वाटेत म्हातारा साधू भेटतो, साधू त्याला काहीतरी देतो, राक्षस आडवा येतो, राक्षस मरतो आणि राजपुत्र काहीतरी चमकणारं घेऊन घरी परततो. त्या दिवशीही कुसळवाडीत गुरुजींच्या ओट्यावर राजपुत्र असाच निघाला. साधूपर्यंत पोचला. तेवढ्यात अयोध्या नावाच्या पोरीनं हात वर केला.

"गुरुजी, राजपुत्र गेल्यावर त्याच्या घरचं पाणी कोन भरत व्हतं?"

गुरुजी साधूची दाढी कुरवाळण्याचा अभिनय करत होते. त्यांचा हात हनुवटीखालीच थांबला. छत्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबांनीसुद्धा नाही.

"दासी भरत असतील," ते म्हणाले.

"दुष्काळात दासी बी तोडीला गेल्या असत्याल," मागून कुणीतरी म्हणालं.

हे त्या ओट्यावरच्या कुणालाच विचित्र वाटलं नाही. साल सत्याऐंशीचं. कुसळवाडी पाटोद्यापासून सात मैलांवर, पण पाण्यापासून त्याहून लांब. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जायचं ते पाडव्यानंतर परत यायचं. आजी-आजोबांपाशी मागं राहिलेली अकरा पोरं गुरुजींनी गोळा केली होती. शाळा सुटल्यावर ती ओट्यावर यायची, वाचायची, गोष्ट ऐकायची. निवृत्त मास्तराला घरात बसवत नाही, हे एक कारण. दुसरं कारण गुरुजी कुणाला सांगत नसत. पोरं गेल्यावर ओटा फार रुंद वाटायचा.

अयोध्या चौथीत होती. आई-बाप कारखान्यावर, घरी गुडघे धरलेली आजी. तिचा हात अजून वरच होता.

"जो जातो त्याचीच गोष्ट असती. जो घरी ऱ्हातो त्याची कावून नसती?"

"असते ना," गुरुजी म्हणाले. "मी लिहितो. नुसती लिहीत नाही, छापून आणतो. तुमची गोष्ट."

यातलं पहिलं वाक्य मास्तरला शोभणारं होतं. दुसरं बोलायला नको होतं. पोरांना दिलेला शब्द हेडमास्तरला दिलेल्या शब्दासारखा नसतो, हेडमास्तर विसरतात.

पण गुरुजींना तेव्हा खात्री होती, आणि ती उगीच नव्हती. आदल्याच दिवशी दूध सोसायटीचे चेअरमन मोहनराव त्यांच्याकडे येऊन गेले होते. सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. दुष्काळानं दूध निम्म्यावर आलं होतं, पण वर्षं पुरी भरली होती, आणि त्या निमित्तानं स्मरणिका निघणार होती. तिच्यात फोटो होते, शुभेच्छा होत्या, अहवाल होता. फक्त मुलांसाठी काही नव्हतं. "एक बालकथा टाका गुरुजी," मोहनराव म्हणाले होते. "तुमचं अक्षर चांगलं हाय." छपाईला शिशाचे खिळे लागतात, अक्षर लागत नाही, हे गुरुजींनी सौजन्यानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी नवी वही घेऊन बसले. लिहिण्यापूर्वी नियम करावेत, ही मास्तरकीची सवय. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: कुणी गाव सोडणार नाही. कुणी साधू भेटणार नाही. राक्षस नाही. खजिना नाही. शेवटी कुणी शहाणा होऊन परत येणार नाही, कारण कुणी गेलेलंच नाही. खाली रेघ मारली आणि गोष्टीला सुरुवात केली.

माणसाला गोष्टीत घरी बसवून ठेवणं किती अवघड असतं, हे ज्यानं करून पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. गुरुजींनी एक म्हातारा ओसरीवर बसवला. तिसऱ्या ओळीत तो उठला. का उठला, हे गुरुजींनाही समजलं नाही. त्यांनी त्याला पुन्हा बसवलं, तर तो पाचव्या ओळीत काठी शोधायला लागला. म्हातारा खोडून त्यांनी एक बाई घेतली. ती चुलीपुढं चांगली बसली होती, पण दुसऱ्या परिच्छेदात तिला भावाचं पत्र आलं. मग गुरुजींनी माणसं सोडून शेळी घेतली आणि तिला दाव्याला बांधलं. पान उलटेपर्यंत शेळी दावं तोडून डोंगरापलीकडं गेली होती आणि तिला एक म्हातारा बोकड भेटला होता. त्याला दाढी होती.

"शेळी हाय, जाणारच," भिवराबाई म्हणाल्या. त्या गुरुजींच्या पत्नी. गोष्टीपेक्षा वहीची पानं वाया जातात याकडे त्यांचं लक्ष जास्त होतं. "तुमी असं का करत न्हाई, जो येतो त्याची लिहा. जाणाऱ्याची लिहायची न्हाई ना? मग पाव्हण्याची लिहा."

गुरुजींनी यावर खरोखर अर्धा दिवस विचार केला. पण पाहुणा कुठून तरी निघालेला असतो.

गावात बातमी पसरलीच होती. शेजारच्या केसरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "गुरुजी, साप घाला. साप घातला की लोक वाचत्यात." सोसायटीचे सेक्रेटरी धुळाजी रस्त्यात थांबवून म्हणाले, की गोष्ट कशीही चालेल, फक्त दोन पानांच्या वर गेली तर जाहिरात काढावी लागेल. मोहनरावांनी तर बोलावूनच घेतलं.

"नायक न्हाई म्हंता, असं ऐकलं."

"नाही. सगळ्यांची गोष्ट आहे."

"अवो गुरुजी, चेअरमन नसलेली सोसायटी असती का?"

"सोसायटी सभासदांची असते, मोहनराव. तुमच्याच बोर्डावर लिहिलंय."

"ते बोर्डावर," मोहनराव म्हणाले, आणि चहा मागवला.

गुरुजींना वाट सापडली ती चहा पिऊन बाहेर आल्यावर. सोसायटीच्या अंगणात टँकर यायचा. म्हणजे दोन दिवसांआड यायचा, आला तर. लोक सकाळीच आपापलं भांडं रांगेत ठेवून कामाला जायचे आणि भांडी दिवसभर मालकाच्या जागी उभी राहायची. सत्तावीस-अठ्ठावीस भांडी, एका ओळीत, उन्हात, तोंडं वर करून. गुरुजी हे चार महिने रोज पाहत होते. ही रांग तर त्यांच्या ओट्यासमोरच लागायची. पण त्या दिवशी ते पाहतच राहिले. इथं कुणी कुठं जात नव्हतं. कुणी कुणाला हरवत नव्हतं. जे यायचं ते स्वतःहून येणार होतं, किंवा येणार नव्हतं.

त्यांनी घरी येऊन एका बैठकीत गोष्ट लिहिली. पोचा पडलेला तांब्याचा हंडा, डांबरानं तळ सांधलेली घागर, दोन जणांची जागा अडवून उभं राहिलेलं निळं पिंप, कान तुटलेली बादली, गोडेतेलाचा वास न गेलेला डबा. भांडी एकमेकांशी बोलतात, आभाळाकडं बघतात, घरच्यांची आठवण काढतात. संध्याकाळी टँकर येतो. संपलं. गोष्टीत माणूस नव्हता, म्हणून कुणाचं मन दुखावण्याचा प्रश्न नव्हता. याचा गुरुजींना विशेष आनंद झाला.

इथं गुरुजींची चूक झाली. शहरात माणूस माणसाला ओळखत नाही असं म्हणतात. टँकरवर जगणाऱ्या गावात माणूस एक वेळ चुकेल, पण भांडं चुकायचं नाही. कुणाच्या हंड्याला कुठं पोचा आहे आणि तो कोणत्या भांडणात पडला, हे सत्तावीस घरांना पाठ होतं.

गोष्ट आधी धुळाजींच्या नोंदवहीत गेली. साहित्यासाठी वेगळा तक्ता नव्हता, म्हणून धुळाजींनी दुधाच्याच तक्त्यात डोकं वापरून बदल केले होते. 'दूध' खोडून 'साहित्य', 'म्हैस / गाय' खोडून 'कथा / कविता'. फॅटच्या रकान्यात पानांची संख्या. शेवटी एक रकाना त्यांनी हातानं आखला होता: मुख्य पात्र. गुरुजींनी त्यात 'निरंक' लिहिलं.

"निरंक चालत न्हाई," धुळाजी म्हणाले. "रिकामी किटली जमा करून घेतल्यागत दिसतंय."

"पण पात्र नाहीच तर काय लिहू?"

"मग कमिटीपुढं ठेवावं लागंल."

कमिटी नऊ जणांची. गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचन सुरू केलं. पोच्याच्या हंड्यापर्यंत सगळे मान हलवत होते. "निळं पिंप दोन जणांची जागा अडवून उभं होतं," हे वाक्य आलं आणि खोलीतल्या आठ जणांनी नवव्याकडं बघायचं टाळलं. कुसळवाडीत निळं पिंप एकच होतं. ते मोहनरावांचं.

"अडवून?" मोहनरावांनी विचारलं.

"व्यापून," गुरुजी म्हणाले, आणि तिथल्या तिथं दुरुस्ती केली.

दुपारपर्यंत गोष्ट गावभर झाली होती. केसरबाई हंडा काखेत घेऊनच ओट्यावर आल्या. "हा तिसरा असतो. तुमी नववा लिव्हलाय."

"केसरबाई, तो कुणाचाच हंडा नाही. ती कल्पना आहे."

"मग कल्पनेला पोचा माझ्या हंड्याचा कशाला?"

त्यांच्यामागून आणखी बाया आल्या. एकीची कळशी गोष्टीत नुसती उभी होती, एक शब्द बोलत नव्हती. "तिला काय तोंड न्हाई व्हय?" दुसरीच्या बादलीचा तुटलेला कान छापून येणार, म्हणून तिच्या सुनेच्या माहेरी काय वाटेल, हा प्रश्न होता. भिवराबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. त्यांची स्वतःची घागर गोष्टीत कुठंच नव्हती. गुरुजींनी ती नम्रपणानं वगळली होती. हा नम्रपणा त्यांना पुढं आठ दिवस जेवताना पुरला.

आणि मग रांग बदलायला लागली. गोष्टीत आपलं भांडं कसं दिसेल याची काळजी लोकांना लागली. घरात कपड्याआड ठेवलेले लग्नातले हंडे बाहेर आले. चिंच लावून, राखेनं घासून ते लखलखीत केले गेले. घासायला पाणी लागतं, आणि पाणी टँकरचंच होतं. पण इभ्रतीपुढं कुणी तेवढा हिशेब करत नाही. तिसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ड्रायव्हर शहादेव खाली उतरून रांगेकडं बघतच राहिला.

"कुणाचं लगीन हाय का काय?"

"गोष्ट हाय," त्याला सांगण्यात आलं.

"मग मी यू का जाऊ?"

खरा गोंधळ पुढंच होता. सकाळी साधं भांडं ठेवायचं आणि दुपारी उचलून त्या जागी चांगलं ठेवायचं, असा प्रकार सुरू झाला. भांडं उचललं की मागचा म्हणायचा, जागा गेली. उचलणारी म्हणायची, जागा घराची हाय, भांड्याची न्हाई. चार महिन्यांत जिथं आवाज चढला नव्हता तिथं आता सकाळ-दुपार भांडणं व्हायला लागली. गुरुजी ओट्यावर बसून ऐकत होते आणि आपण एकाही माणसाला उंबऱ्याबाहेर पडू न देता गावात युद्ध कसं लावलं, याचा मनोमन अभ्यास करत होते.

मोहनरावांनी तातडीची सभा घेतली आणि ठराव क्रमांक चौदा करून टाकला: रांगेतील जागा भांड्याची आहे, माणसाची नाही. भांडे उचलले की जागा गेली. परत आणले तर शेवटी लागावे. सूचक मोहनराव, अनुमोदक धुळाजी. मंजूर.

त्याच सभेत, लोक उठायच्या आत, धुळाजी म्हणाले, "गोष्टीचा बी विषय मिटवून टाकू. एवढी भांडणं कशामुळं? गोष्टीला नायक न्हाई म्हणून. जो तो पुढं येतोय." मग नायकासाठी नावं मागवण्यात आली. नाव एकच आलं. निळं पिंप बिनविरोध निवडून आलं.

"पण पिंप करणार काय?" गुरुजींनी विचारलं.

"टँकर आणंल," मोहनराव म्हणाले. "मी बी मागल्या साली बीडला गेलतोच की."

"पिंप जाईल कसं?"

"गडगडत जाईल. त्याचं तुमी टेन्शन घेऊ नका. धुळाजी लिव्हतील. नाव तुमचंच ऱ्हाईल."

गुरुजींच्या मनाला जे लागलं ते हे शेवटचं वाक्य. छत्तीस वर्षांत त्यांच्या नावावर चुकीचं शुद्धलेखनसुद्धा कुणी खपवलं नव्हतं. ते उठले, चप्पल शोधली, ती सापडली नाही, परत आत जावं लागलं. स्वाभिमानानं निघून जाताना चप्पल सापडू नये, यासारखं वाईट काही नाही.

गोष्टीच्या शेवटाऐवजी घालायचा धुळाजींचा मजकूर दुसऱ्या दिवशी आला. 'सदर पिंपाने पाण्याची टंचाई लक्षात घेऊन बीडकडे प्रस्थान केले. मार्गात घाट लागला. तेथे त्यास एक वयोवृद्ध रांजण भेटला व त्याने योग्य ते मार्गदर्शन केले. पुढे उन्हाळा नावाचा राक्षस आडवा आला असता पिंपाने त्याचा बंदोबस्त केला व टँकरसह परत आले.' खाली सही, शिक्का.

गुरुजींनी हे तीनदा वाचलं. साधू आला होता. राक्षस आला होता. खजिना चार चाकांवर येत होता. वहीच्या पहिल्या पानावरचे सगळे नियम एका पिंपानं गडगडत जाऊन मोडले होते. सोमवारी मजकूर छापखान्यात जाणार होता, त्यांच्या नावानं, आणि अकरा पोरं त्यात स्वतःला शोधणार होती.

"नाव काढून घ्या," भिवराबाई म्हणाल्या.

"मग पोरांना काय सांगू?"

"खरं सांगा."

खरं सांगायचं म्हणून गुरुजींनी त्या दुपारी ओट्यावर दोन्ही मजकूर वाचून दाखवले. आधी स्वतःचा, मग धुळाजींचा. पोरं आपल्या बाजूनं बोलतील, अशी त्यांना थोडी आशा होती. पण पिंप गडगडायला लागलं तशी पोरं हसायला लागली. रांजणाला पाहून एक जण उताणा झाला. राक्षसाचा बंदोबस्त झाला तेव्हा टाळ्या पडल्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्याच्यावर काही पडलेलं नव्हतं.

"अन् मग पिंपाचा नंबर?" अयोध्येनं विचारलं.

"कसला नंबर?"

"रांगंतला. उठून गेलं ना ते. चौदा नंबरचा ठराव हाय. भांडं उचललं की जागा गेली."

हसणं हळूहळू थांबलं. अकरा डोकी विचार करायला लागली. पिंप बीडला गेलं. घाट चढलं. मग टँकर घेऊन आलं. बरोबर. पण आलं म्हणून पहिल्या नंबरला कसं लागेल? शेवटी लागेल. आणि शेवटपर्यंत टँकर पुरत नाही, हे तर सगळ्यांना माहीत होतं.

"म्हंजे आणलं त्यानं, अन् त्यालाच न्हाई?" एकानं विचारलं.

"ठराव हाय," अयोध्या म्हणाली. ती हसत नव्हती. गुरुजींना ते तेव्हा दिसलं, पण ते पेन शोधत होते.

त्यांनी धुळाजींचा एकही शब्द खोडला नाही. फक्त खाली चार ओळी वाढवल्या. पिंप परत आलं तेव्हा रांग जिथल्या तिथं उभी होती. जे हललं नव्हतं ते भरलं. पिंप शेवटी जाऊन उभं राहिलं. त्याचा नंबर आला तेव्हा पाइपातून नुसती हवा आली.

कमिटीत हे वाचल्यावर मोहनरावांनी शेवटच्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"म्हंजे पिंपानं एवढा घाट चढायचा, राक्षस मारायचा, अन् त्याला थेंब न्हाई?"

"ठराव क्रमांक चौदा," गुरुजी म्हणाले. "सूचक आपण."

धुळाजींनी ठराववही उघडली, बघितली, मिटली. "हाय खरा."

"नायकासाठी अपवाद करता येईल," मोहनराव म्हणाले.

केसरबाई दारातच उभ्या होत्या. त्या कमिटीत नव्हत्या, पण कमिटी त्यांच्याशिवाय भरत नसे. "करा की," त्या म्हणाल्या. "उद्यापासून माझा हंडा बी घाट चढाया जाईल."

मोहनरावांनी वही पुढं ओढली आणि मंजुरीची सही केली. सही करून झाल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पण गुरुजी, मग पिंपानं केलं काय पुढं?" हा प्रश्न चेअरमनचा नव्हता. ओट्यावर दुपारी जे प्रश्न येतात त्यांच्या जातीचा होता. गुरुजींना त्या क्षणी मोहनराव चौथीत बसलेले दिसले, खिडकीजवळ, पाटीला थुंकी लावून पुसणारे.

"ते मुलांना विचारावं लागेल," ते म्हणाले.

मार्चच्या शेवटी स्मरणिका छापून आली. दोनशे प्रती, दोन गठ्ठे. वाटप दुसऱ्या दिवशी होतं, पण गुरुजींनी गठ्ठे घरी मागवून घेतले, कारण पोरांना पहिल्यांदा वाचून दाखवायचं होतं. पान एकेचाळीस. वर त्यांचं नाव, खाली गोष्ट. ते प्रत्येक शब्द चवीनं वाचत गेले. पोरं आपापलं भांडं आलं की हात वर करत होती. "आमची बादली." "आमचा डबा." शेवटच्या ओळीला कुणी टाळी वाजवली नाही, सगळे गप्प झाले. राजपुत्राच्या वेळी होतात तसे, पण गोष्ट संपल्यावर. गुरुजींना छत्तीस वर्षांत असं समाधान मिळालं नव्हतं.

अयोध्या बोटांवर मोजत होती.

"काय मोजतेस गं?"

"आमी न्हाई ह्यात."

"तुमची घागर असेल ना. कशी आहे घागर?"

"घागर रांगंत नसती. एकच हाय. तिच्यात आजीला प्यायचं पाणी असतं." तिनं मोजणं थांबवलं. "टँकरच्या दिवशी शाळा बुडवून रांगंत मी असते. पाच नंबरला. टँकर आला की आजी पाणी तांब्यात काढून घागर घेऊन येती."

"दर वेळी?"

"दर बारीला असायचे. चौदा नंबरचा ठराव झाल्यापासून न्हाई. जागा भांड्याची हाय, माणसाची न्हाई म्हंत्यात. मी शेवटी जाते. तीनदा पाणी संपलं."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. गुरुजींनी विचारलं म्हणून सांगत होती.

गुरुजींना आता रांग दिसायला लागली. पोच्याचा हंडा, घागर, डबा, आणि डब्याच्या पुढं दोन पाय. चार महिने ते पाय तिथं होते. त्यांना वाटायचं, पोरगी वर्गाची वाट बघतेय. त्यांनी रांगेतून माणसं काढून टाकली, कारण माणूस उठून जातो. जे उठून जातच नव्हतं असं एकच माणूस तिथं होतं, आणि तेही त्यांनी माणसांबरोबर काढलं. मग लोकांनी त्यांच्या गोष्टीवरून ठराव केला आणि तिला रांगेतूनही काढलं.

ते आत गेले आणि शाईची दौत घेऊन आले. पहिल्या प्रतीचं एकेचाळिसावं पान उघडलं. 'गोडेतेलाचा वास न गेलेला डबा' याच्या आधी राहिलेल्या शब्दाची खूण, हंसपद, काढलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: पाचव्या जागी अयोध्या उभी होती. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. दुसरी प्रत घेतली.

पस्तिसाव्या प्रतीला मोहनराव आले. वाटपाची तयारी बघायला आले होते, मागं धुळाजी.

"छापून आलेल्यात काय गिरवताय?"

गुरुजींनी मान वर न करता प्रत सरकवली. मोहनरावांनी वाचलं, मग ओट्याच्या कडेला बसलेल्या पोरीकडं बघितलं.

"ही?"

"हीच. डब्याच्या पुढं. भांडं न ठेवता स्वतः उभी असायची. आता ठरावानं शेवटी गेलीय."

"ठरावात माणूस बसत न्हाई," धुळाजी म्हणाले. "कमिटीत आणल्याबिगर..."

"पिंप बसतं अन् पोरगी बसत न्हाई?" मोहनराव म्हणाले. हे कुणाला उद्देशून होतं ते स्पष्ट झालं नाही. मग ते चप्पल काढून ओट्यावर बसले आणि खिशातलं पेन काढलं. "धुळाजी, चौदाला दुरुस्ती लिव्हा. उद्याच्या सभेत घेऊ. आन् गुरुजी, निम्म्या इकडं द्या. एकट्यानं दोनशे व्हायच्या न्हाईत."

गुरुजींनी गठ्ठा पुढं केला. चेअरमननी सही सोडून काही लिहिल्याला वर्षं झाली होती. पहिली ओळ समासातून चढत पार शीर्षकापर्यंत गेली. दुसरीत 'अयोध्या' मावेना म्हणून शेवटचं अक्षर खाली घ्यावं लागलं. कपाळाला घाम आला. तिसरी प्रत जरा बरी जमली, तशी त्यांनी ती हात लांब करून धरली आणि अयोध्येला दाखवली.

तिनं जवळ येऊन नीट बघितलं.

"नाव चांगलं हाय," ती म्हणाली. "पण चेअरमन, हंसपद उलटं काढलंय. टोक वर पायजे."

मोहनरावांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी आपल्या प्रतीत मान घातली.

"खोडू?" मोहनरावांनी विचारलं.

"खोडू नका, घाण दिसंल," अयोध्या म्हणाली, आणि पुढची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. "ह्याच्यात नीट बघून काढा."